मराठीसाठी एक दाबलं म्हणून

आमच्या घरमालकीण मावशींनी मला कधीही "हॅलो" म्हटलं नाही. फोन उचलला की थेट सुरू व्हायचं, "आणि खिडकी उघडी टाकून गेलात, बाई. गादी भिजली तर कोण उचलणार?" आपण काही म्हणेपर्यंत फोन बंद. नंतर तासाभरानं पुन्हा, "लावली मी खिडकी." एवढंच. माणसांशी चाललेलं बोलणं कधी संपतच नाही, मधे फक्त कामं येतात, असा त्यांचा समज असावा.

मी तेव्हा रोह्याच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायला लागले होते. सांगलीकडून आलेली, एकटी. पूल ओलांडून नदीपलीकडच्या अष्टमी गावात त्यांच्या घराची वरची खोली भाड्यानं घेतली होती. सगळी गल्ली त्यांना मावशी म्हणायची, त्यांच्याहून वयानं मोठा असलेला भाजीवालासुद्धा. मीही म्हणू लागले. त्या मला बाई म्हणायच्या, ते शेवटपर्यंत.

त्या बसत नसत. म्हणजे खरोखरच बसत नसत. जेवायच्या त्या ओट्याला टेकून, ताटली डाव्या हातात धरून. पोह्याचे पापड लाटून विकायचा त्यांचा लहानसा धंदा होता आणि पापड लाटायला बाई बसते हे मी जन्मापासून पाहिलेलं. यांनी सुताराकडून टेबलाचे पाय उंच करून घेतले होते. त्या टेबलाशी उभ्या राहून लाटायच्या, मधेच दारापर्यंत जाऊन यायच्या, पुन्हा लाटायच्या. एसटीत जागा रिकामी असली तरी ड्रायव्हरमागचा दांडा धरून उभ्या. कुणी बसा म्हटलं की म्हणत, "बसून काय व्हतंय?" याला उत्तर देणं दिसतं तितकं सोपं नाही. मी दोन-तीनदा प्रयत्न केला होता.

घरातल्या वस्तूंनाही स्वस्थता नसे. एकदा शाळेतून आले तर माझी खाट खिडकीखाली आणि टेबल खाटेच्या जागी.

"मावशी, माझी खाट?"

"वारा त्या बाजूनं येतोय आता."

महिन्याभरानं खाट परत पहिल्या जागी. मी जरा आवाज चढवला तर त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमची खाट तुमच्याच खोलीत हाय ना?"

त्यांचा फोन साधा, बटणांचा. नंबर त्यांच्या यजमानांच्या वेळचा. यजमान टेम्पो चालवत. ते गेल्यावर नंबर मावशींच्या नावावर झाला, महिन्याला बिल येणारा. मी राहायला गेले तेव्हा घरात रेंज चांगली होती. मग काय झालं कुणास ठाऊक, आसपासचा कुठला तरी टॉवर काढला म्हणत, पण एकाएकी रेंज गेली. घरात फक्त दोन जागी फोन लागायचा, विहिरीच्या पायरीवर आणि जिन्याच्या वळणावर. मावशींनी जिन्याच्या वळणाला खिळा ठोकला, त्याला कापडी पिशवी लटकवली आणि फोन त्यात ठेवला. फोन वाजला की त्या असतील तिथून धावत. पीठ लागलेल्या हातांनी, अंगावर अर्धवट पाणी घेतलेलं असताना, एकदा तर दारात आलेल्या पाहुण्यांना तसंच उभं सोडून. बहुतेक वेळा फोन कुठल्या तरी कर्जाच्या नाहीतर प्लॅनच्या जाहिरातीचा निघायचा. तरी पुढच्या वेळी तशाच धावत.

मला वाटायचं, स्वभावच तसा. खरं कारण कळायला पावसाळा यावा लागला.

त्यांचं माहेर पेणजवळ खाडीकाठी. मिठागरावर राबणारं घर. तिथल्या घरात त्यांचा थोरला भाऊ एकटाच राहायचा, शेजारीण दोन वेळचं जेवण द्यायची. दादाचं लग्न झालं नव्हतं. मिठागर केव्हाच बंद पडलं होतं आणि दादाची आठवणही हळूहळू गळत चालली होती. आज जेवलो का, काल कोण आलं होतं, आई जिवंत आहे की नाही, हे त्याला सांगता येत नसे. पण पाय धड होते. उभा जन्म बांधांवरून चालण्यात गेलेला माणूस. सकाळी उठून कुणाला न सांगता तो चालू लागे. कधी वडखळला सापडे, कधी नागोठण्याला. एकदा गाडीत बसून कासूला उतरून बसला होता. नाव विचारलं तर गोंधळायचा, गाव विचारलं तर वडिलांचं नाव सांगायचा. मात्र मावशींचा नंबर त्याला पाठ होता. पूर्वी घरात पहिल्यांदा फोन घेतला तेव्हा मावशींनी तो त्याच्याकडून पाढ्यासारखा घोकून घेतला होता आणि बाकी सगळं गेलं तरी तो तेवढा राहिला. कुणीतरी भला माणूस तो नंबर लावी आणि मावशी पायात चपला सरकवून निघत.

"दादाचा पत्ता म्हणजे माझा नंबर," त्या मला म्हणाल्या. जिन्याच्या वळणावर उभ्या होत्या, पिशवीतल्या फोनवर एक हात ठेवून. "घराला पत्ता असतो तसा."

त्या पावसाळ्यात दादा नागोठणे स्टेशनच्या बाकावर दिवसभर बसून राहिला. चहावाल्यानं कितीदा तरी फोन लावला. मावशींचा फोन पिशवीतच होता, पण त्या दिवशी जिन्याच्या वळणावरची रेंजही गेली होती. संध्याकाळी चहावाल्यानंच त्याला पेणच्या गाडीत बसवून दिलं. मावशींना हे दुसऱ्या दिवशी कळलं.  माझी खाट त्या दिवशी पुन्हा खिडकीखाली गेली.

"बाई, मला कंपनी बदलायचीय," त्या रात्रीच्या जेवणाआधी वर येऊन म्हणाल्या. "नंबर तोच, कंपनी दुसरी. तसं करतात ना?"

करतात, म्हटलं. सोपं असतं. मी त्यांच्या फोनवरून मेसेज पाठवला. उत्तर आलं, विनंती नाकारली आहे. कारण इंग्रजीत होतं आणि इंग्रजी शिकवणाऱ्या मलाही ते दोनदा वाचावं लागलं. कंपनीला फोन केला. बराच वेळ गाणं ऐकवून झाल्यावर एका मुलीनं सांगितलं की, या ग्राहकानं वर्षभराचा प्लॅन घेतला आहे, वर्ष पुरं व्हायच्या आत जायचं असेल तर शुल्क भरावं लागेल. तिनं आकडा सांगितला. मावशींचं कित्येक महिन्यांचं बिल त्यात बसलं असतं.

"कधी घेतला मी प्लॅन?"

मुलगी म्हणाली, फोनवर घेतलात. आमच्याकडून कॉल आला होता, तुम्ही एक दाबलंत.

मावशी जिन्यावर दोन पायऱ्या खाली गेल्या, दोन वर आल्या. आठवत होत्या.

"दाबलं," त्या म्हणाल्या. "एक बाई मशीनमधनं भराभरा हिंदी बोलत होती. मला काय कळंना. आपण मराठीसाठी एक दाबतो ना नेहमी, तसं दाबलं. वाटलं, आता मराठीत सांगंल. तर फोनच कट झाला."

फोनवरची मुलगी म्हणाली, एक म्हणजे होकार.

"तुमच्याकडं असंल होकार. माझ्याकडं मराठी."

इथून पुढचे काही महिने त्या घरात दुसरा विषय नव्हता. गल्लीतले लोक सल्ले देऊन जायचे. नवा नंबर घ्या की, मावशी, एवढं काय त्यात. "दादाच्या डोक्यात नवा नंबर कोण घालणार? तुम्ही येताय?" मावशी विचारायच्या. मी एकदा म्हटलं, भरून टाका, कटकट जाईल, हवं तर मी भरते. त्या लाटणं हातात घेऊन वळल्या.

"पैशाचं नाय, बाई. भरले की मी व्हय म्हटलं असं व्हतंय. मी व्हय म्हटलेलंच नाय."

त्यात पुढच्या बिलात ते शुल्क येऊन बसलं, कंपनी न सोडताच. बदलायची विनंती केली म्हणून म्हणे. मावशी म्हणाल्या, माझं नेहमीचं बिल घ्या, ते मी नाय म्हणत नाय. पण यंत्र अर्धं बिल घेत नव्हतं. घेतलं तर सगळं, नाहीतर काहीच नाही. काहीच नाही म्हटल्यावर आधी त्यांचं बाहेर फोन लावणं बंद झालं. येणारे फोन तेवढे चालू राहिले. त्या मला म्हणाल्या, "बरंच झालं, मला कुणाला लावायचाय?" आणि जिन्यावरच्या चकरा वाढल्या. दादाच्या शेजारणीला त्यांनी माझा नंबर देऊन ठेवला.

दर सोमवारी त्या डबा घेऊन गाडीनं पेणला, दादाकडे जात. आता वाटेत पेणमधल्या कंपनीच्या दुकानात थांबू लागल्या. दिवाळीच्या सुट्टीत एकदा मीही बरोबर गेले, म्हणून ते दुकान पाहिलं. थंडगार, काचेचं, भिंतीवर हसणाऱ्या कुटुंबाचं चित्र. मॅनेजर तिशीचा, सडपातळ, एवढ्या थंडाव्यातही घामेजलेला. मावशी दिसल्याबरोबर त्यानं खुर्ची पुढं केली आणि लगेच मागं घेतली. शिकला होता तो.

मावशी मांडलेल्या फोनांच्या टेबलांभोवती फिरू लागल्या. एक फेरी, दुसरी फेरी. दार उघडून कुणी आत आलं की त्याच्यापाशी थांबायच्या.

"नवीन घेताय का? घ्या. पण मराठीसाठी एक दाबू नका. वर्षभर अडकता. जायचे पैसे मागतात."

लोक हसायचे. एका माणसानं मात्र खिशातून फोन काढला आणि मॅनेजरला विचारलं, "माझ्यावर पण हाय का असं काय?" मॅनेजरनं पाहिलं. होतं. तो माणूस तिथंच उभा राहिला, मग त्याच्या आवाजानं आणखी दोघं थांबली. मॅनेजरनं मावशींकडे हात जोडले.

"काकू, मी रेकॉर्डिंग मागवलंय तुमचं. आलंय. ऐकून घ्या, म्हणजे तुमचं समाधान होईल."

त्यानं संगणकावर ते लावलं. एक बाई श्वास न घेता हिंदीत बोलत होती, प्लॅन, फायदे, अटी, सहमत असाल तर एक. मागं मावशींचा आवाज, नेहमीसारखा मधूनच सुरू झालेला, "अगो मराठीत सांग, मराठीत. थांब, दाबते." मग टिंग. मग शांतता.

दुकानात कुणी हसलं नाही. मॅनेजरनं ते पुन्हा एकदा लावलं, स्वतःसाठी लावल्यासारखं. मग खुर्चीत मागं टेकून म्हणाला, "मी वर पाठवतो हे. वरून मंजूर झालं तर माफ होईल."

मी सुटकेचा श्वास सोडला. मावशी चालता चालता थांबल्या.

"माफ?"

"म्हणजे भरावं लागणार नाही."

"ते कळलं. पण माफ नको. माफ चोराला करतात. चुकून लावलं असं लिवा."

"काकू, सिस्टीममध्ये तसा शब्द नाही."

"मग शब्द घाला."

तेवढ्यात माझा फोन वाजला. दादाची शेजारीण होती. दादा सकाळपासून घरात नाही, चहासुद्धा तसाच आहे, मावशींचा फोन बंद लागतोय. मी मावशींकडे पाहिलं. त्यांच्या हातात त्यांचा फोन होता, चालू. मी माझ्या फोनवरून त्यांचा नंबर लावला. त्यांच्या हातातला फोन वाजला नाही. माझ्या कानात सांगितलं गेलं की, या क्रमांकाची सेवा तात्पुरती बंद आहे.

"आज सकाळी येणारे पण बंद झालेत," मॅनेजर पडद्यावर पाहत हळू म्हणाला. "मुदत संपली."

मावशींनी कमरेची पिशवी सोडली. शुल्क, बिल, दंड, जे काही होतं ते सगळं त्यांनी काउंटरवर ठेवलं.  सुटे परत आले तेही तिथंच राहिले, ते मी उचलले. मॅनेजरनं बटणं दाबली, पुन्हा दाबली, कुणाला तरी फोन करून गयावया केल्यासारखं बोलला. सुरू व्हायला वेळ लागेल, तास-दोन तास, म्हणाला. माझ्याकडून लवकरात लवकर, काकू.

आम्ही बाहेर आलो. मावशी फोन मुठीत धरून रस्त्याच्या कडेनं जात होत्या, परत येत होत्या. मी म्हटलं, गावात जाऊ, तिथं शोधू. त्या म्हणाल्या, "गावात नसतो तो. गेला की लांब जातो." रोह्याकडे जाणारी एसटी आली, त्यात आम्ही चढलो. नागोठण्याला उतरून स्टेशनवर बघू, एवढंच ठरलं होतं. गाडी रिकामी होती. त्या दांडा धरून उभ्या आणि दर वळणाला मला म्हणायच्या, "लावा." मी लावायची. सेवा बंद. "लावा." सेवा बंद. मागच्या सीटवरच्या बाईनं विचारलं, कुणी आजारी आहे का. मावशींना ते ऐकूच गेलं नाही.

नागोठणं जवळ आलं तेव्हा त्यांच्या मुठीत फोन वाजला. मी लावलेला नव्हता.

कोलाडला महामार्गावर वडापावचं हॉटेल चालवणाऱ्या एका माणसाचा होता. मावशींना फोन धड कानाला लावता येईना म्हणून मी घेतला.

"तुमचा माणूस हाय इथं. व्यवस्थित हाय, वडा खाल्ला. अहो, दुपारपासनं लावतोय तुमचा नंबर. बंदच लागतोय. मी म्हटलं, बाबा, नंबर चुकला असंल. तर म्हणतो, नंबर बरोबर हाय, परत लाव. परत लाव. डोकं खाल्लंन."

मी ते मावशींना जसंच्या तसं सांगितलं. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. "परत लाव म्हणाला?" त्यांनी विचारलं. हो, म्हटलं.

आम्ही नागोठण्याला उतरलोच नाही, गाडी पुढं कोलाडवरूनच जाणार होती. कोलाडला दादा हॉटेलच्या सावलीत बाकावर बसला होता. उंच, काळा, पायांना भेगा, गुडघ्यावर दोन्ही हात. मावशींना पाहून त्याला आनंद झाला, पण तक्रारही होती.

"तुझा फोन लागत नव्हता गो."

"व्हय दादा," मावशी म्हणाल्या. "माझी चूक झाली."

महिनोन् महिने जी बाई एक शब्द मागं घ्यायला तयार नव्हती, तिनं हे इतक्या सहज म्हटलं की मी दुसरीकडे पाहिलं.

निघताना हॉटेलवाला म्हणाला, "रस्ता विचारत होता सगळ्यांना. अष्टमीला कसं जायचं, म्हणून. मी म्हटलं, एवढ्या उन्हात नको, बस जरा."

मावशी थबकल्या. मीही. वडखळ, कासू, नागोठणं, कोलाड, सगळी पेणहून रोह्याकडे येणाऱ्या वाटेवरची. इतके दिवस आम्ही म्हणत होतो, दादा हरवतो. तो हरवत नव्हता. तो प्रत्येक वेळी बहिणीकडे यायला निघत होता आणि वाटेत कुठंतरी रस्ता विसरत होता.

त्या दिवशी आम्ही त्याला परत गावी नेलं नाही. तसंच अष्टमीला आणलं. मिठागर सोडून येणार नाही म्हणून ज्यानं आजवर बहिणीचं ऐकलं नव्हतं, तो आता सरळ आमच्याबरोबर गाडीत चढला. मिठागराची आठवणही बहुधा गेली होती.

पैसे भरल्यावर नंबर दुसऱ्या कंपनीत विनातक्रार गेला. घरभर रेंज आली, अगदी मोरीतसुद्धा. मावशींनी भांडण मात्र सोडलं नाही. मी इंग्रजीत तक्रारी लिहायची, त्या पेणला जाऊन मॅनेजरच्या टेबलाभोवती फिरायच्या. काही महिन्यांनी मॅनेजरचा फोन आला. मंजूर झालं, काकू, रक्कम तुमच्या पुढच्या बिलात वळती करतील.

"पुढचं बिल कुणाचं?" मावशींनी विचारलं.

 कंपनी सोडून गेलेल्या बाईला पुढचं बिल कुठून येणार, हे त्या बिचाऱ्याच्या आत्ता ध्यानात आलं होतं. "बघतो," म्हणाला तो. त्यानं बघितलंही. पुढच्या उन्हाळ्यात पैसे बँकेत आले. मी मावशींना मेसेज वाचून दाखवला. "आले का? बरं," म्हणाल्या आणि दादाच्या पायाला तेल लावत राहिल्या. कंपनीनं कोणता शब्द वापरला हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

दादा अष्टमीत आला, पण त्याचं निघणं थांबलं नाही. सकाळी डोळा उघडला की तो दार उघडून चालू लागायचा. गल्लीतले म्हणाले, कडी लावत जा बाहेरून, मावशी. मलाही ते पटत होतं. मावशी म्हणाल्या, "कडी कशाला? जायचं असलं तर जाऊ दे की. मी हाय मागं."

आणि त्या खरोखरच मागून जायच्या. दादा पुढं, लांब टांगा टाकत, मावशी जरा अंतर ठेवून. हाक मारायची नाही, हात धरायचा नाही. माझी शाळेची वेळ आणि त्यांची फेरी एकच असल्यानं मी ते पुष्कळदा पाहिलं.

मी बदली होऊन रोहा सोडलं त्याच्या आधीची गोष्ट. पुलावर दोघं दिसली. दादा मधोमध थांबला होता. धरणाचं पाणी सोडलेलं होतं, नदी भरून चालली होती. त्यानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, मग वळून मागून येणाऱ्या मावशींकडे आला. अनोळखी बाईशी बोलावं तसं, अदबीनं त्यानं विचारलं,

"ताई, अष्टमीला कसं जायचं? बहीण राहते माझी तिथं."

मावशींनी पदर नीट केला.

"चला," त्या म्हणाल्या. "मी पण तिकडंच चाललेय."